तालमीचं मोजमाप

पहाटे ४.३०

तालीम मोजायची ती पहिलवान पोरं आत असताना. रिकाम्या तालमीचाही नकाशा निघतो, पण कोण कुठून आत येतो, कुठं थांबतो, कुठल्या खांबाला कपडे अडकवतो हे त्यात उतरत नाही. जुन्या इमारतींच्या मोजणीचं आमचं काम एरवी ऑफिसच्या वेळेत चालतं. तालमीचं काम मात्र अंधारातच सुरू करावं लागतं. पेठ कोल्हापुरातली, पंचगंगेच्या बाजूची. रस्त्यावर गाडीला कॅन अडकवलेले दूधवाले आणि पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं, एवढीच जाग.

दार ठेंगणं आहे. दगडी उंबऱ्यापासून चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंत ५ फूट २ इंच. इथल्या एकाही पहिलवानाला मान न वाकवता आत येता येत नाही. उंबरा मधोमध झिजून खोलगट झालाय. तो ओलांडला की दोन पायऱ्या उतरायच्या, कारण जिथं मातीत कुस्ती होते ती हौद्याची खोली रस्त्यापेक्षा खाली आहे. खिडकी एकही नाही. छताला लागून वीतभर रुंदीचे झरोके आहेत, तेवढ्यातूनच काय तो उजेड येणार. भिंती अडीच फूट जाडीच्या. नवख्या माणसाला ही खोली कोंदट वाटते, पण इथली प्रत्येक गोष्ट कुस्तीच्या गरजेतून आलेली आहे. तापलेल्या अंगावर वारं आलं तर अंग धरतं, म्हणून खिडकी नाही. ऊन पडलं तर माती वाळून धूळ होते, म्हणून झरोके उंच. खोली जमिनीत उतरलेली असली की मातीतली ओल टिकते. आणि आतल्या पोरांचे डाव रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू नयेत, हेही एक कारण वस्ताद सांगतात.

"चपला भायेर काढा, पाय धुवा, मातीला हात लावा. मग काय मोजायचं ते मोजा," वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझ्याबरोबर आलेली कॉलेजची पोरं आता न सांगता पाय धुतात.

पहिलवान आधी फावड्यानं हौदा उकरून घेतात. माती तांबडी, चाळून घेतलेली. तिच्यात काव, हळद, लिंबाचा रस, ताक, तेल किंवा तूप आणि कापूर मुरवलेला असतो. मी मूठभर उचलून दाबून बघितली. गोळा होतो, अंगठ्यानं ढकलला की लगेच फुटतो. ओल एवढीच हवी. जास्त झाली तर चिखल, कमी झाली तर गुडघे सोलतात. नाकाशी धरली तर आधी कापूर येतो आणि मग ताकाचा आंबूस वास. हौद्याची खोली बांधणाऱ्या गवंड्याला ही ओल सांभाळायची होती, हे एकदा लक्षात घेतलं की जोत्यापासून कौलापर्यंत सगळी इमारत समजायला लागते.

६.००

जोर-बैठका संपून लढती लागल्या आहेत. आम्ही कडेनं भिंतीला चिकटून काम करतो. लेसरचं यंत्र आहे, पण या खोलीचा एकही कोपरा काटकोनात नाही. अशा ठिकाणी सुतळी ताणून दोन्ही कर्ण मोजणं हाच खात्रीचा मार्ग. पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि भिंत किती कलली आहे ते बघायला ओळंबा. खोली साधारण १८ फूट चौरस भरते. मातीचा थर किती जाड आहे ते मात्र मोजू दिलं नाही. पहार मारायची नाही, असं वस्तादांनी सांगितलं. त्यांनी स्वतः कडेला खोरं घालून तळापर्यंत दाखवलं, तेवढ्यावर आम्ही आकडा लिहिला.

दारासमोरच्या भिंतीत कोनाडा आहे आणि कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. आत येणाऱ्याची नजर वाकून वर येते ती थेट मारुतीवर. कोनाड्याची उंची आणि दाराची उंची एकमेकींशी जुळवलेली आहे, हे आम्हाला उभा छेद काढल्यावर दिसलं. ज्या गवंड्यानं हे जुळवलं त्याचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. अशा वेळी मला आपल्या कामाचा फार अभिमान वाटतो. एका अनाम माणसाची अक्कल निदान कागदावर तरी येते.

७.३०

पोरं आंघोळीला परसात. खेडोपाड्यांतून आलेले पहिलवान वरच्या माडीवर राहतात, स्वयंपाक स्वतःच करतात. थंडाईसाठी बदाम घोटायचा खल जिन्याखाली ठेवलेला. आम्ही जिना मोजला: अरुंद, उभा, सागवानी.

८.३०

रस्त्याकडचा कट्टा भरला. हा तालमीचा तिसरा भाग, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. कट्टा, त्यामागे दोन खणांचा सोपा, मग ते ठेंगणं दार, मग हौदा. सकाळी इथं निवृत्त मंडळी पेपर वाचायला येतात. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, गणपतीची वर्गणी किती धरायची, सगळं इथंच बोललं जातं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावानं खेळतात: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. शाहू स्टेडियमवर सामना असला की आदल्या दिवशी कट्ट्यावर बसायला जागा मिळत नाही. बाबूजमाल तालमीत पीर आणि गणपती एकाच छताखाली आहेत, आणि मोहरमच्या पंजाला मान द्यायला सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. जिथं उभ्या आयुष्यात कधी लंगोट न नेसलेला माणूसही हक्कानं बसतो, अशी ही जागा आहे.

इंग्लंडमधल्या जुन्या पबांवर तिथल्या वास्तुतज्ज्ञांनी जे काम केलंय ते मी या कट्ट्यासाठी पुन्हा पुन्हा वाचतो. तालमीत दारूला थारा नाही, हा फरक मोठा आहे आणि तो राहायलाच हवा. पण इमारत म्हणून दोन्हींचं काम एकच: गल्लीतल्या माणसाला घराबाहेर हक्काची बैठक देणं. लंडनच्या सदर्क भागातला 'द जॉर्ज' हा जुना मुक्कामाचा पब १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधला. अंगणाच्या बाजूनं लाकडी सज्जे, आत लहान लहान खोल्या. १९३७ पासून तो नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे आणि आजही तिथं पब चालतो. पुढं व्हिक्टोरियाच्या काळातल्या पबांत कामगारांची बसायची खोली वेगळी, बरे पैसे मोजणाऱ्यांची वेगळी, प्रत्येकाला रस्त्यावरून दारही वेगळं. मध्ये लाकडी आडोसे, डोळ्यांच्या उंचीला नक्षीची धूसर काच. विसाव्या शतकात हे आडोसे काढून एकच मोठा हॉल करायची लाट आली. बाहेरची पाटी, विटा, कौलं तशीच राहिली, आणि आतला पब नाहीसा झाला. त्यातून तिथले अभ्यासक शहाणे झाले. आता ते जुन्या पबांच्या आतल्या मांडणीच्या वेगळ्या याद्या करतात. लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक पबला २०२० मध्ये पहिल्या श्रेणीचा वारसा दर्जा मिळाला तो आतल्या कामासाठीसुद्धा.

तालमीत वर्गाप्रमाणे दारं नाहीत; दार एकच आहे, आणि ते सगळ्यांना वाकायला लावतं. पण धोका तोच आहे. रस्त्याकडची जुनी भिंत राखून आत फरशीचा हॉल केला, तर नाव तालमीचं राहील, तालीम राहणार नाही.

१०.३०

गवंडीमामा आले. आज भिंतीचं काम.

पश्चिमेच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. एक २०१९ च्या पुराची, दुसरी २०२१ च्या. त्या पाण्यानंतर कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला होता. हेतू चांगला होता: भिंत पक्की व्हावी. आता त्याच गिलाव्याच्या वरच्या कडेला भिंतीला लोणा लागलाय. मामांनी कर्णीच्या टोकानं एक पापुद्रा उचलला. खालून पांढरी, खारट भुकटी गळाली आणि तिच्यामागं वीट बोटानं खरवडली तरी झडत होती. वरच्या बाजूला, जिथं मूळ चुन्याचा गिलावा आहे, तिथं त्यांनी तीच कर्णी ठोकली तर खणखणीत आवाज आला.

हे समजावून सांगायला मला कंटाळा येत नाही, कारण अर्धा गाव याच पायी आपल्या जुन्या भिंती मारतोय. तालमीची भिंत जोत्यापर्यंत काळ्या दगडाची आणि वर भाजक्या विटांची, मातीच्या दर्जांत बसवलेली आहे. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढतेच. आत रोज पहाटे वीस-पंचवीस पोरांच्या घामाची वाफही तिच्यात जाते. चुन्याचा गिलावा ती ओल पोटात घेतो आणि दिवसभरात सोडून देतो. सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही. मग पाणी वाट शोधत वर चढतं, जिथं सिमेंट संपतं तिथं बाहेर येऊन वाळतं, आणि त्यातला क्षार विटेच्या आत फुगून वीट फोडतो. भिंत वरून पक्की दिसते आणि आतून भुसभुशीत होत जाते.

मामांचं म्हणणं साधं आहे. सिमेंट सगळं सोलायचं, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवायची, मग चुना लावायचा. भट्टीचा चुना पाण्यात विरवून मुरत ठेवायचा, घाणीत वाळूबरोबर मळायचा, गुळाचं पाणी आणि हिरड्याचा अर्क घालायचा. "चुन्याला घाई चालत न्हाई," ते म्हणाले, "आन् आता समद्यास्नी घाई." घाणी ओढायला बैल मिळत नाही, म्हणून यंत्राचा घोटा वापरू, एवढी तडजोड त्यांनी मान्य केली.

१२.३०

कट्ट्यावरच भाकरी आणि पिठलं. पहिलवान माडीवर झोपले आहेत. या वेळी जिन्यावर पाय वाजवायचा नाही.

२.००

कॉलेजच्या पोरांना घेऊन खासबागेच्या कुस्ती मैदानात गेलो. तालमीच्या खोलीतलं तत्त्व मोठ्या मापात कसं उतरतं ते दाखवायला याहून चांगली जागा नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसा आखाडा कोल्हापुरात व्हावा असं त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ मध्ये मैदान सुरू झालं. मध्ये हौदा, भोवती चढत जाणारा मातीचा उतार. कुठंही बसा, खांब आडवा येत नाही, पुढच्याचं डोकं आड येत नाही. शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये पुरं झालं. कुस्ती आणि नाटक यांना एकाच राजानं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून जागा दिली. असं दुसरं गाव मला माहीत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या जळून गेल्या. दगडी भिंती उभ्या राहिल्या. पूर्वी होतं तसंच नाट्यगृह उभं करायचं ठरलं, तेव्हा जुनी मापं, जुने फोटो, जाणत्या माणसांच्या आठवणी यांची किंमत शहराला कळली. भिंतींजवळ उभं राहून मी पोरांना लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नची हकीकत सांगितली. १९२०-२१ मध्ये बांधलेला मेडा व्हेल भागातला हा साधा पब २०१५ च्या एप्रिलमध्ये मालकानं परवानगी नसताना पाडला. त्याला वारशाचा दर्जा देण्याचं घाटत होतं, त्यामुळे इमारतीची नोंद आधीच झाली होती. वेस्टमिन्स्टरच्या पालिकेनं होता तसाच पुन्हा बांधून द्या, असा हुकूम काढला. लोक मागं हटले नाहीत, चौकशी झाली, हुकूम कायम राहिला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तोच पब त्याच जागी पुन्हा उघडला. नोंद नसती तर 'होता तसा' म्हणजे कसा, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

कोल्हापूरचाच नवा राजवाडा घ्या: तो चार्ल्स मँटनं आखला, १८८४ मध्ये पुरा झाला. त्यावर पुस्तकं आहेत, अभ्यासक येतात. तालमींवर कोण येतो? ज्या खोल्यांतून कोल्हापूरचं नाव देशभर गेलं, त्या खोल्यांचे नकाशे पेठांनी स्वतःच काढून ठेवले पाहिजेत.

४.३०

परत तालमीत. सुतार आलाय. माडी चार सागवानी खांबांवर आहे, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. सुतार हातोडीच्या दांड्यानं एकेक तुळई वाजवत जातो आणि आवाज पोकळ आला की खडूनं फुली मारतो. वळचणीकडच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीनं खाल्लंय. पूर्ण तुळई बदलायची गरज नाही. कुजलेलं टोक कापून नव्या सागाचा तुकडा सांधून पट्टीनं आवळता येईल.

संध्याकाळची पोरं यायला लागली. ही शाळकरी. त्यांना वस्ताद मातीत खेळवतात, पण त्यातल्या मोठ्यांना आठवड्यातून काही दिवस मॅटसाठी दुसरीकडं जावं लागतं. स्पर्धा मॅटवर होतात, आणि मॅटला १२ मीटर लांबी, १२ मीटर रुंदी लागते, त्यात ९ मीटरचं वर्तुळ. म्हणजे जवळजवळ ४० फूट. आमची खोली १८. इथंच सगळा पेच आहे. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ मध्ये ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवी होती, तरी ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या जिद्दीला तोड नाही, पण आजच्या पोरानं मॅटवाचून तीच जिद्द दाखवावी असं म्हणणं अन्याय होईल. मॅट हवीच.

७.००

कट्ट्यावर तालीम मंडळाची बैठक. तरुणांचा प्रस्ताव: तालीम उतरवायची, खाली रस्त्याकडं दुकानगाळे, वर मॅटचा हॉल आणि जिम. गाळ्यांच्या भाड्यातून पोरांचा खुराक निघेल. हा हिशेब खोटा नाही. खुराकाला पैसे लागतात आणि दरवर्षी वर्गणी किती मागायची यालाही मर्यादा असते.

मी नकाशा पसरला आणि परसाकडं बोट ठेवलं. मागं आंघोळीची जागा, लाकडं ठेवायची शेड आणि पडीक तुकडा मिळून ४४ फूट रुंदी सापडते. मॅटचा हॉल तिथं होईल, लोखंडी कैच्यांवर, मध्ये खांब न घेता. आंघोळीची जागा बाजूला सरकेल. हौदा, सोपा, माडी जागच्या जागी राहील.

"आन् गाळं?" सचिवांनी विचारलं.

गाळे काढायचे तर कट्टा जाणार, याला दुसरी वाट नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. कट्टा गेला की सकाळची म्हातारी मंडळी जातील, फुटबॉलची पोरं जातील, वर्गणी गोळा करणारे जातील. तालीम फक्त पहिलवानांची उरेल, पेठेची राहणार नाही. मग दहा वर्षांनी पूर आला तर गाळ उपसायला कोण येणार? २०१९ ला हीच कट्ट्यावरची माणसं घमेली घेऊन आली होती. भाड्याच्या पैशानं ती माणसं विकत मिळत नाहीत.

बराच वाद झाला. एक तरुण कट्ट्यावरच्या म्हाताऱ्या मंडळींतल्या आबांना तावातावानं म्हणाला, "आबा, तुमचा कट्टा आमच्या पोटाला घालणार हाय का?" आबांनी त्याला गप्प केलं नाही, माडीवरचे दोन खण कोचिंगला भाड्यानं देता येतील का, असं त्यांनीच पुढं मांडलं. वस्ताद शेवटी एवढंच म्हणाले की हौद्याच्या खोलीला हात लावायचा विषय पुन्हा काढायचा नाही. त्यावर सगळ्यांनी हात वर केले. गाळ्यांचं पुढच्या बैठकीवर ढकललं.

९.३०

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर सचिवांनी नेलं. म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात. माझ्या शेजारी संध्याकाळची दोन पोरं उभी होती, घरच्यांसोबत आलेली. सचिव ग्लास संपवून पुन्हा परसावर आले. हॉलच्या कैच्या उभ्या करायच्या तर पाया किती खोल? नदीकाठची जमीन, वरची माती गाळाची. मी सांगितलं, उद्या सकाळी परसाच्या दोन्ही कोपऱ्यांत खड्डे घेऊ. पाच-सहा फुटांत मुरूम लागला तर साध्या पायावर भागेल आणि पैसे चुन्याला उरतील. नाही लागला तर खर्च वाढेल, आणि तेव्हा गाळ्यांचा विषय पुन्हा निघणार. सचिव म्हणाले, खड्डे काढायला मजूर नको, आमची पोरं मेहनत म्हणूनच काढतील, फक्त सहाच्या आत या.